'व्हॉलटाइल'ला सरसकट 'अस्थिर' म्हणावं का?

प्रश्न असा: इंग्रजी 'व्हॉलटाइल'साठी मराठीत 'अस्थिर' चालेल का?

शेअर बाजाराच्या बातमीत चालून जाईल, रसायनशास्त्रात मुळीच नाही. मूळ लॅटिन 'वोलारे', म्हणजे उडणे. (व्हॉलीबॉलमधली 'व्हॉली' त्याच गोतातली.) रसायनात हा अर्थ अजून शाबूत आहे: जे साध्या तापमानालाही भराभर उडून जातं ते व्हॉलटाइल, शास्त्राच्या मराठीत 'बाष्पनशील'. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन घ्या. ते उकळतं ५६ अंश सेल्सिअसला, पण बूच उघडं राहिलं तर खोलीतच बाटली रिकामी होत जाते. त्याचा रेणू मात्र धडधाकट. वाफ गार केली की पुन्हा तेच ॲसिटोन. उलट नायट्रोग्लिसरीन धक्क्यानेही फुटतं, ते खरं अस्थिर, पण उडून जाण्यात ॲसिटोनच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून डब्यावर 'अस्थिर द्रव' छापणं नुसतं ढिसाळ नाही, धोक्याचंही आहे. वाचणारा डबा जपून उचलेल, पण झाकण घट्ट लावणं आणि विस्तव लांब ठेवणं त्याला सुचणार नाही. पेट घेते ती वाफ.

बाजारात हा शब्द हेलकाव्यांचा आकार सांगतो, दिशा नाही. भाव झपाट्याने चढतानाही बाजार व्हॉलटाइल असू शकतो, त्यामुळे 'घसरण' हा अर्थ त्यात घुसडू नये. एनएसईचा (राष्ट्रीय शेअर बाजाराचा) 'इंडिया व्हिक्स' हा निर्देशांक निफ्टीच्या ऑप्शनच्या (ठरल्या भावाने खरेदी-विक्रीचा हक्क देणाऱ्या करारांच्या) किमतींवरून पुढच्या ३० दिवसांतल्या हेलकाव्यांचा अंदाज वार्षिक टक्क्यांत देतो. वार्षिक आकड्याला व्यवहाराच्या दिवसांच्या वर्गमुळाने भागलं की रोजचा अंदाज मिळतो. हे दिवस वर्षाला २५० च्या आसपास, त्याचं वर्गमूळ साधारण १६. म्हणजे व्हिक्स १६ असेल तर रोजची हालचाल ढोबळमानाने १ टक्का. इथे 'दोलायमान' नेमकं बसतं. बोलताना मात्र 'बाजार फार वरखाली होतोय' हेच बरं.

माणसाच्या स्वभावाला लावलं तर 'भडक माथ्याचा'. 'चंचल' नको, ती छटा इंग्रजी 'फिकल'ची. सीमेवरची परिस्थिती असेल तर 'कधीही चिघळेल अशी'.

संगणकात रॅमला व्हॉलटाइल मेमरी म्हणतात, कारण वीज गेली की आतलं सगळं पुसलं जातं. सी भाषेतला 'व्हॉलटाइल' वेगळाच: या चलाची किंमत प्रोग्रॅमच्या बाहेरूनही बदलू शकते, तेव्हा दर वेळी ती मेमरीतून नव्याने वाच, अशी ती कंपायलरला (प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला) ताकीद. तिथे भाषांतराच्या फंदात पडू नये.

उच्चारात जोर पहिल्या अक्षरावर: ब्रिटिश 'व्हॉलटाइल', अमेरिकन 'व्हॉलटल'.