पर्यावरण आणि प्रदूषणावर इंग्रजीत बोलायला नेमके कोणते शब्द लागतात?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पुढच्या महिन्यात आयईएलटीएसची (परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजीच्या चाचणीची) तोंडी परीक्षा आहे, या विषयावरच्या दोनशे शब्दांची यादी कुणीतरी पाठवली आहे, ती पाठ करावी का, हा पहिला. आणि ‘चांगलं इंग्रजी आल्याशिवाय प्रदूषणाबद्दल आपलं कोणी ऐकून घेत नाही, हे खरं का?’ हा दुसरा, जो तुम्ही जाता जाता शेवटी चिकटवला आहे.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नका करू पाठ. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते, त्यामुळे हे हक्कानं सांगते. निबंधांच्या गठ्ठ्यातला दर दुसरा निबंध ‘पोल्यूशन इज अ बर्निंग प्रॉब्लेम’नं सुरू होतो. विषय गावाबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगाचा असो की डीजेच्या आवाजाचा, तिसऱ्या ओळीत ग्लोबल वॉर्मिंग हजर. शब्द भारी आणि सांगायला काही नाही, अशी पोरं पहिल्या मिनिटात ओळखू येतात. परीक्षकालाही येतात. त्याच्याकडे गुणांचे चार निकष असतात: ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. यादी फार तर एका निकषाला हात देईल, तेही शब्द वाक्यात नीट बसला तर.

मी खरं तर लिहायला बसले ती दुसऱ्या प्रश्नामुळे. हे वाक्य आमच्या घरात मी बरीच वर्षं ऐकते आहे, माझ्या धाकट्या दिरांच्या तोंडून. ते पर्यावरण सल्लागार कंपनीत नोकरी करतात. नवीन कारखान्याला मंजुरी हवी असली की पर्यावरण आघात मूल्यांकनाचा, म्हणजे आसपासच्या हवा-पाण्यावर काय परिणाम होईल याचा, जाडजूड अहवाल लागतो, तो बनवणाऱ्यांपैकी ते एक. माणूस चांगला आहे. पण इंग्रजीच्या बाबतीत त्यांचं डोकं फिरलेलं आहे.

माझं माहेर कोकणातल्या एका खाडीकाठी. काका आयुष्यभर खाडीत जाळी टाकत आले. वरच्या अंगाला कारखाने आले, आणि काही वर्षांपूर्वी त्यातल्या एकाला आपलं उत्पादन वाढवायचं होतं. (अहवाल दिरांच्या कंपनीचा नव्हता, हे त्यांच्या वतीनं सांगून टाकते.) असं काही वाढवायचं तर १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे बहुतेक मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी घ्यावी लागते. निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात, अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत. फक्त सारांश बरं का. मूळ अहवाल इंग्रजीत. ग्रामपंचायतीत तो ठेवलेला होता. त्याला हात लावलेला माणूस गावात मी पहिलीच असावी. ग्रामसेवकांनी तो कपाटाच्या वरच्या फळीवरून काढून धूळ झटकून दिला.

मी तो घरी बसून वाचला. इंग्रजीची बाई असून दर पानावर अडखळत होते. स्टॅक (धुराडं), बेसलाइन (प्रकल्पाआधीची स्थिती), फ्युजिटिव्ह एमिशन (याचा अर्थ पुढे सांगते). पण दोन-तीन रात्रींत लक्षात आलं की अवघड शब्द मोजकेच आहेत आणि तेच फिरून फिरून येतात. फसवतात ते सोपे. ‘निग्लिजिबल’ (नगण्य), ‘नो सिग्निफिकंट इम्पॅक्ट’ (लक्षणीय परिणाम नाही), ‘विदिन परमिसिबल लिमिट्स’ (ठरलेल्या मर्यादेत). जलचरांवर परिणाम? निग्लिजिबल. मासेमारी? अभ्यासक्षेत्रात व्यावसायिक मासेमारी आढळली नाही. आमच्या घरासमोर जाळी वाळत घातलेली असतात, ती या लोकांना कशी दिसली नाहीत देव जाणे.

सुनावणीच्या दिवशी कारखान्याच्या आवारात मांडव, कूलर, पाण्याच्या बाटल्या. पुढच्या रांगांत कंपनीच्या बसनं आणलेली माणसं. सल्लागाराचा तरुण मुलगा पडद्यावर इंग्रजी पाट्या दाखवत मराठीत घाईघाईनं काहीतरी पुटपुटत होता. मग प्रश्न विचारा म्हणाले. काका उठले. प्लास्टिकच्या बाटलीत खाडीचं पाणी भरून आणलं होतं, ते त्यांनी साहेबांच्या टेबलावर, फुलदाणीच्या शेजारी ठेवलं. तांबूस पाणी, तळाला काळा गाळ बसलेला.

म्हणाले, “साहेब, भरतीला पाणी बघाल तर चांगलंच दिसेल. ओहोटीला बघा. वरून उतरतं ते असं उतरतं. पावसात रात्रीचं केमिकल सोडतात, म्हणजे सकाळपर्यंत वाहून जातं. नाल्याच्या तोंडाशी बोय पोट वर करून पडतात, चिंबोरी तर त्या बाजूला आता मिळतच नाही. जाळं साबणानं धुतलं तरी वास जात नाही.”

बसताना बाटलीचं झाकण तेवढं त्यांनी काढून ठेवलं. टेबलावरच्या लोकांनी नाकाला रुमाल लावले.

आता हे बोलणं जरा तपासा. नमुना कुठून, कोणत्या वेळी, भरती की ओहोटी, कोणता ऋतू, कोणती जात कमी झाली, पाणी कुठून येत असावं. चांगल्या अहवालात जे जे लागतं ते सगळं त्या पाच-सहा वाक्यांत होतं. अहवालात मात्र नव्हतं, कारण त्यांचं सर्वेक्षण एकाच हंगामाचं, पावसाळा वगळून. तशी नियमात मुभा आहे.

शेवटी इतिवृत्त. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रतिनिधीनं नोंद करायची आणि लोकांना स्थानिक भाषेत वाचून, समजावून सांगायची, असं त्याच अधिसूचनेच्या चौथ्या परिशिष्टात आहे. मी ते छापून पर्समध्ये ठेवलं होतं. मंडळी आभार मानून उठायच्या बेतात होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, आधी वाचून दाखवा. थोडी कुजबुज झाली, मग वाचलं. काकांच्या सगळ्या बोलण्याचं झालं होतं: ‘एका ग्रामस्थाने पाण्याच्या गुणवत्तेबाबत चिंता व्यक्त केली.’

चिंता! मी परिशिष्टाचा कागद पुढे धरला आणि काकांचं बोलणं वाक्यावाक्यानं पुन्हा सांगितलं. अपर जिल्हाधिकारी भले होते, त्यांनी लिहून घ्यायला लावलं. ओहोटी, रात्र, नाल्याचं तोंड, बोय, चिंबोरी, सगळं. हे सगळं मराठीत झालं, हे तुम्ही लक्षात घ्या.

त्या गणपतीत दीर जेवता जेवता म्हणाले, “वहिनी, काकांनी ‘अनट्रीटेड एफ्लुएंट’ (प्रक्रिया न केलेलं सांडपाणी) एवढे दोन शब्द टाकले असते ना, तर पहिल्या फटक्यात नोंद झाली असती. शास्त्रीय भाषा लागते.” मी विचारलं, “भाऊजी, तुमच्या धंद्यातल्या एका तरी अहवालात हे दोन शब्द शोधून दाखवा.” तेव्हापासून वाद चालू आहे. प्रकल्पाला मंजुरी मिळालीच. अटींमध्ये खाडीचे नमुने भरती आणि ओहोटी दोन्ही वेळांना घ्यावेत अशी एक अट आली. ती काकांमुळे आली की नाहीतरी येणारच होती, यावर घरात आजही दोन पक्ष आहेत.

असो. तुम्ही शब्द विचारले होते.

तीन शब्द आधी वेगळे करा, कारण त्यांची खिचडी सगळेच करतात. हवेत जातं ते एमिशन. पाण्यात सोडतात ते एफ्लुएंट, आणि सोडण्याची क्रिया डिस्चार्ज. कचऱ्याच्या ढिगातून पावसात जो काळा रस पाझरतो तो लीचेट. धुराड्यातून न जाता झडपा, सांधे, उघड्या टाक्या यांतून निसटणारा वायू म्हणजे फ्युजिटिव्ह एमिशन. रात्री डोळे चुरचुरतात आणि धुराडं मात्र स्वच्छ दिसतं, त्याचं एक कारण हे असू शकतं.

पाण्यासाठी बीओडी आणि सीओडी पुरेत. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात त्याचं माप; सीओडी म्हणजे तीच घाण रसायनानं मोडायला किती प्राणवायू लागतो त्याचं. बीओडीचा आकडा जितका मोठा तितका माशांच्या वाट्याला प्राणवायू कमी. नदीत आंघोळ करायची तर लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. सर्वसाधारण मानकांप्रमाणे नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला ३०, आणि किनाऱ्यालगतच्या समुद्रात सोडायचं असेल तर १००. हे तीन आकडे ठाऊक असले की ‘विदिन परमिसिबल लिमिट्स’ ऐकल्यावर तुम्ही आपोआप विचाराल, कोणत्या लिमिट्स?

हवेचंही तसंच. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, फुप्फुसात खोलवर जाणारे. भारताची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलेली ५. तीच हवा आपल्या मापानं पास आणि संघटनेच्या मापानं नापास होऊ शकते. परीक्षेत हा एक मुद्दा साध्या इंग्रजीत मांडलात तर ‘बायोडायव्हर्सिटी’ दहा वेळा म्हटल्यापेक्षा जास्त उपयोग होईल.

क्रियापदं मात्र शिका. याद्यांत नामंच नामं असतात, आणि बोलताना माणूस अडतो तो क्रियापदाशी. लीक, सीप, डंप, चोक, कन्टॅमिनेट, कर्ब, ट्रीट, बॅन, एन्फोर्स. ‘मिटिगेट’ (परिणाम सौम्य करणं) जपून वापरा; अहवालवाले तो शब्द परिणाम मान्य न करता उपाय सांगायला वापरतात. (दीर म्हणतील, तसं नाही. तसंच आहे.) आणि पोल्यूशनचं अनेकवचन करू नका, पोल्यूटंटचं होतं. गार्बेज, लिटर (माप नव्हे, इकडेतिकडे फेकलेला कचरा), ट्रॅश यांनाही शेवटी ‘एस’ लावायचा नाही. वेस्टलाही शक्यतो नको, सरकारी कागदात ‘वेस्ट्स’ दिसलं तरी.

तोंडी परीक्षेच्या दुसऱ्या भागात कार्ड देतात, एक मिनिट विचार करायला आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायला. तिथे पृथ्वी वाचवायला जाऊ नका. तुमच्या घराजवळचा नाला घ्या. रंग, वास, कधी येतो, कोण सोडतं, पूर्वी तिथे काय मिळायचं. हे आधी मराठीत सांगून बघा. मराठीतही दोन मिनिटं बोलता येत नसेल तर अडचण इंग्रजीची नाही.

आता दिरांच्या बाजूनंही थोडं लिहायला हवं, नाहीतर ते वाचून रुसतील. सुनावणीच्या मांडवाबाहेर मराठी फार लांब जात नाही. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं कामकाज इंग्रजीत चालतं, प्रकल्पाची छाननी करणाऱ्या तज्ज्ञ समितीपुढे इतिवृत्त जातं तिथेही इंग्रजीच. २०२० मध्ये तर आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदाच केंद्रानं इंग्रजी आणि हिंदीत काढला होता. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत त्याचे अनुवाद करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाला त्या जूनमध्ये सांगावं लागलं, आणि त्यावरही केंद्र सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे ‘इंग्रजीशिवाय ऐकत नाहीत’ यात तथ्य आहे. फक्त त्यावर उपाय म्हणून काकांनी एफ्लुएंट म्हणायला शिकावं, हे मला मान्य नाही. ज्यांना पगार मिळतो त्यांनी बोय आणि चिंबोरी शिकावं.

तुमची गोष्ट वेगळी, तुम्हाला परदेशी जायचंय. तेव्हा एफ्लुएंट म्हणा, पण पहिला स्वर ‘ए’ ठेवा. ‘अ‍ॅफ्लुएंट’ म्हणजे श्रीमंत. आणि ‘एन्व्हायर्नमेंट’ लिहिताना मधला ‘एन’ विसरू नका, बोलताना बरेच जण तो गिळतात, त्याचे गुण जात नाहीत.