विमान तर सगळेच वापरतात, मग विमानतळ वाढवायला विरोध कशाला?

तुम्ही विचारलंय की लंडनमधले ते लोक रनवेवर जाऊन का झोपतात, विमानाने तर आता सगळेच फिरतात. अहो सगळेच कुठे? २०१८ साली जगातल्या फार तर ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला, आणि प्रवासी विमानांच्या कार्बनपैकी निम्मा तर जेमतेम १ टक्का लोकांच्या नावावर जातो, म्हणजे सतत उडणाऱ्यांच्या.

सप्टेंबर २०१६ ला लंडन सिटी एअरपोर्टवर ९ जणांनी रनवे अडवला होता, ब्लॅक लाइव्ह्ज मॅटरवाले, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी चळवळ. एअरपोर्ट वाढवायला नुकतीच परवानगी मिळालेली, आणि तो आहे न्यूहॅम भागात, जिथे गरीब आणि कृष्णवर्णीय वस्ती भरपूर. आवाज आणि धूर त्यांना, फ्लाइट बिझनेसवाल्यांना. अडवणारे सगळे गोरेच निघाले म्हणून लोकांनी धुतलंही त्यांना, आणि प्रवाशांना असं लटकवणं मला पण पटत नाही, पण मुद्दा खोटा नव्हता.

मी नाशिकचा. आमच्या ओझर विमानतळाचं टर्मिनल जानोरीच्या शिवारात, बाहेर पडलं की द्राक्षबागाच. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला की डावणी, म्हणजे वेलीवरची बुरशी येते, फवारण्या करून करून माणूस कर्जात जातो, आणि त्यातूनही माल वाचला तर फेब्रुवारी-मार्चला अवकाळी येतो, मणी तडकतात. तडकलेला माल एक्स्पोर्टला चालत नाही, मग व्यापारी म्हणेल तो भाव. आता एकेका अवकाळीचं खापर विमानांवर फोडता येत नाही, जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये त्यांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, पण हवामान बिघडल्याचा फटका बसतो त्यातले किती जण विमानात बसलेत? द्राक्षं पण युरोपला बहुतेक बोटीनेच जातात हो, मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरावरून कंटेनरमध्ये!

अजून एक, ट्रॅक्टरच्या डिझेलवर शेतकरी टॅक्स भरतो आणि आंतरराष्ट्रीय फ्लाइटच्या इंधनावर जगात बहुतेक ठिकाणी टॅक्सच नाही, विमानवाहतुकीच्या १९४४ च्या शिकागो करारापासून ही रीत पडलीय. हे मला रनवेपेक्षा जास्त खुपतं.

आणि लंडनला कशाला जाता, पुरंदर बघा ना. पुण्याजवळच्या नव्या विमानतळासाठी ७ गावांची जमीन, अंजीर-सीताफळाच्या बागा, मे २०२५ ला ड्रोन सर्व्हे अडवला तर पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या लोकांनी. ते काही क्लायमेटवाले नाहीत, त्यांना आपली जमीन हवी होती. ओझरला पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या आजीला कोणी अडवू नये असंच माझं मत आहे, पण महिन्याला चार वेळा उडणाऱ्याकडून दर वेळी चढता टॅक्स घ्यायला काय हरकत आहे?