लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) ब्लॉक लेयरचे, म्हणजे डिस्ककडे रीड-राइट पाठवणाऱ्या भागाचे, आणि डिव्हाइस मॅनेजमेंटचे पॅच (कोडमधले बदल) एकत्र करून एकच मोठा पॅच द्यावा का?

एकाच सिरीजमध्ये, ओळीने लावून द्या. स्क्वॉश करून, म्हणजे सगळे मिसळून, एकच कमिट (गिटच्या इतिहासातली एक नोंद) अजिबात करू नका. ‘एकच पॅच असला की सांभाळायला सोपं’ हे महापेला नोकरीत असताना एका सीनियरकडून मी इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

आमचा स्टोरेज बॉक्स होता, त्यात लिनक्स कर्नल आमच्या बदलांसह. एका पॅचमध्ये टाइमआउट झालेल्या रिक्वेस्ट हाताळायचं काम वेगळ्या वर्करकडे (कर्नलमध्ये मागे चालणाऱ्या थ्रेडकडे) दिलं होतं. दुसऱ्यात डिस्क काढल्यावर डिव्हाइसचा रेफरन्स (‘हे अजून वापरात आहे’ ही कर्नलमधली नोंद) कधी सोडायचा, तो क्रम बदलला होता. दोन्हींचा रिव्ह्यू वेगवेगळा झाला, दोन्ही पास. रिलीज तोंडावर आली तेव्हा सरांनी दोन्ही स्क्वॉश केले, वर सिसएफएसची (डिव्हाइसची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या भागाची) किरकोळ साफसफाईही त्यातच घातली. कमिट मेसेज काय, तर ‘स्टोरेज फिक्सेस’. मी मीटिंगमध्येच विरोध केला. उत्तर मिळालं, “पुस्तकी बोलू नकोस.”

मग रबाळ्याच्या एका डेटा सेंटरमधून तक्रार आली: लोड चालू असताना डिस्क ओढली की बॉक्स पॅनिक होतो, म्हणजे कर्नलच कोसळतो. तोही दरवेळी नाही, कधीतरी. असा बग बायसेक्टमध्ये, म्हणजे इतिहास अर्धा-अर्धा करत दोषी कमिट शोधताना, जीव काढतो, कारण ‘गुड’ म्हणण्याआधी प्रत्येक पायरीला पुन्हा पुन्हा डिस्क ओढून बघावी लागते. लॅबमध्ये एकजण कॅडी (डिस्कचा ट्रे) ओढायचा, दुसरा सिरियल कन्सोलवर डोळे लावून बसायचा. एवढं करून बायसेक्ट थांबला कुठे? ‘स्टोरेज फिक्सेस’वर!

शेवटी तो कमिट हाताने फोडला. पहिला पॅच एकटा ठीक, दुसरा एकटा ठीक, दोन्ही मिळून पॅनिक. टाइमआउटचा वर्कर जागा होईपर्यंत क्यूची (त्या डिस्कच्या रिक्वेस्टच्या रांगेची) मेमरी मोकळी झालेली असायची. आधी वर्कर थांबवायचा, मग क्यू सोडायची, एवढीच दुरुस्ती. पॅच वेगळे असते तर बायसेक्टने थेट दुसऱ्यावर बोट ठेवलं असतं आणि वाचायला मोजक्या ओळी उरल्या असत्या.

स्टोरेजमध्ये दोष दिसतो एकीकडे आणि असतो भलतीकडेच. 2018 च्या अखेरीस 4.19 कर्नलवर लोकांचा डेटा खराब होत होता आणि संशय एक्स्ट-फोर फाइलसिस्टिमवर होता. दोष निघाला ब्लॉक लेयरच्या मल्टिक्यू कोडमध्ये, दुरुस्ती 4.19.8 मध्ये आली. म्हणून प्रत्येक पॅच एकटा बिल्ड आणि बूट झालाच पाहिजे, आणि ज्यावर बाकीचे अवलंबून तो आधी. मेनलाइनला (मूळ लिनक्स कर्नलला) पाठवत असाल तर दोन सबसिस्टिमचे दोन मेंटेनर (त्या भागाचे पॅच स्वीकारणारे) आले. एकाच्या ट्रीतून (गिट रिपॉझिटरीतून) सिरीज जाऊ द्या, दुसऱ्याचा अ‍ॅक (संमती) घ्या.

एक अपवाद आहे. फंक्शनची सिग्नेचर (ते काय घेतं आणि काय परत देतं) बदलली तर त्याचे सगळे कॉलर (त्याला बोलावणारा कोड) त्याच पॅचमध्ये बदलावे लागतात, मग ते कुठल्याही डिरेक्टरीत असोत, नाहीतर मधला बिल्ड मोडतो. तो एकच बदल आहे, त्याला कालवाकालव म्हणत नाहीत.

आणि ‘कस्टमरला एकच फाइल हवी’ असं कोणी म्हणालं तर जरूर द्या, गिट डिफने ती केव्हाही निघते. त्यासाठी रिपॉझिटरीतला इतिहास पुसावा लागत नाही. मी त्या मीटिंगमध्ये हेच सांगत होतो.