आखातातला पैसा, एजंटची फी आणि गावातले बंद बंगले: वाचकांचे प्रश्न

परदेशी कामाला जाणाऱ्यांबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार घेतो.

प्रश्न (मंडणगड): धाकटा भाऊ कतारला निघालाय. एजंट दीड लाख मागतोय, फ्री व्हिसा देतो म्हणतोय. द्यावेत का?

नका देऊ दादा. नोंदणी असलेल्या एजंटला जास्तीत जास्त ३० हजार आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, वरचं सगळं बेकायदा. आधी सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर त्याचं लायसन्स आहे का बघा. भाऊ दहावी पास नसेल तर त्याचा पासपोर्ट बहुधा ईसीआर असणार, म्हणजे सरकारी क्लिअरन्स घेतल्याशिवाय कतारला कामाला जाता येत नाही, आणि कुणी म्हणालं की व्हिजिट व्हिसावर जा, पुढचं तिथे बघू, तर त्या ऑफिसातून सरळ बाहेर पडा. फ्री व्हिसा म्हणजे कागदावर एक कफील, म्हणजे व्हिसा देणारा तिथला मालक, आणि काम भलत्याकडेच, पकडलं तर गुन्हेगार तुमचा भाऊ.

हा प्रश्न मुद्दाम पहिला घेतला. स्थलांतराने देशाचा फायदा होतो का असं सगळे विचारतात, पण त्याचा निम्मा हिशोब इथेच ठरतो. कतारमध्ये २०२१ पासून किमान पगार महिना १००० रियाल आहे, म्हणजे साधारण तेवीस-चोवीस हजार रुपये. दीड लाख व्याजाने काढून गेलेला पोरगा पहिले कित्येक महिने सावकारासाठीच राबणार, घरी काय पाठवणार?

प्रश्न (खेड): आमच्याकडे दोन पिढ्या आखातात आहेत. बंगले झाले, पण गावात एक धंदा उभा राहिला नाही. मग पैसा गेला कुठे?

पैसा थोडा नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत देशात अशा पाठवलेल्या पैशातला २०.५ टक्के वाटा महाराष्ट्रात आला, केरळपेक्षाही किंचित जास्त, अर्थात त्यात अमेरिकेतल्या नोकरदारांचाही पैसा आहे. पण हा माणसाचा पगार आहे, भांडवल नाही. तो घराला, पोरांच्या फीला, आईच्या ऑपरेशनला, बहिणीच्या लग्नाला लागतो आणि त्याला उधळपट्टी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्याच फीवर पुढची पिढी शिकली. कारखान्याला रस्ता, वीज, कर्ज, बाजारपेठ लागते, ते सौदीत दम्मामला एसी दुरुस्त करणाऱ्याने कुठून आणायचं? ते सरकारचं काम होतं.

आणि गावातली तरणी माणसं गेली की तिथली कामं करायला दुसरीकडून माणसं येतात. रत्नागिरीच्या हापूसच्या बागांत राखणीला, काढणीला आज नेपाळी कामगार आहेत, केरळात बंगाल-आसामचे. नेपाळच्या जीडीपीच्या जवळपास पाव हिस्सा बाहेरून आलेल्या पैशाचा आहे, म्हणजे तिथेही हीच कथा. हिशोबात न धरलेलं नुकसान मात्र वेगळंच आहे: नवरा दोन वर्षांनी दोन महिने येतो, म्हाताऱ्यांचं सगळं एकट्या बाईवर, आणि त्याचा कॉलम कुठल्याच पाहणीत नसतो.

प्रश्न (पुणे): बाहेरचे आले की तिथल्या लोकांचे पगार पडतात ना?

यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतायत. १९८० मध्ये क्यूबातून सव्वा लाख लोक काही महिन्यांत अमेरिकेत उतरले, त्यातले बरेचसे मायामीतच राहिले. डेव्हिड कार्ड यांनी हिशोब केला तर तिथल्या कमी शिकलेल्यांच्या पगारावर परिणाम जवळपास दिसला नाही, नंतर जॉर्ज बोर्हास यांनी तोच काळ तपासून शाळा अर्धवट सोडलेल्यांचे पगार चांगलेच पडले असं म्हटलं. मला कार्ड यांचं जास्त पटतं, कारण आलेली माणसं खातात, भाडं भरतात, दुकानं काढतात, त्यातून कामही वाढतं.

आखातात गणितच निराळं. अमिरातीत दहातले जवळपास नऊ जण परदेशी, त्यामुळे पगार दबतो तो आपल्याच माणसांचा, कारण कफील सहजासहजी सोडता येत नाही. २०११ पासून तिथे करार संपल्यावर जुन्या मालकाच्या एनओसीशिवाय दुसरी नोकरी धरायची मुभा मिळाली, आणि अभ्यासात दिसलं की अशांची कमाई दहा टक्क्यांहून जास्त वाढली. नव्याने येणाऱ्यांची भरती थोडी घटली हेही खरं, तरी हा बदल मला फार मोठा वाटतो.

प्रश्न (सांगली): मुलगी नर्सिंग करतेय, जर्मनीला जायचं म्हणते. देशाचं नुकसान होतं का?

ताई, तो भार तिच्या डोक्यावर नको. फिलिपिन्समध्ये अमेरिकेचे व्हिसे वाढले तेव्हा इतक्या मुली नर्सिंगला गेल्या की बाहेर गेलेल्यांपेक्षा जास्त नर्सेस तयार झाल्या. आपल्याकडे नर्सेस कमी पडतात त्या सरकारी दवाखान्यांत न भरलेल्या जागांमुळे आणि खासगीतल्या तुटपुंज्या पगारामुळे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी माणसं पाठवायचा करार केलाय, तो रस्ता आधी बघा. जर्मन नीट शिकू द्या, आणि सही करण्याआधी एक कलम वाचा: भाषेच्या कोर्सचा खर्च कोण भरणार आणि मध्येच नोकरी सोडली तर तो तिच्याकडून वसूल करणार का?