एकाच नंबरच्या दोन पिशव्या

प्रश्न : आई न्यू जर्सीला माझ्याकडे आली होती, वय ७८, हार्ट वीक. हिमोग्लोबिन खूप घसरलं म्हणून अ‍ॅडमिट केलं आणि रक्त चढवलं. मला सगळ्याचे फोटो काढायची खोड आहे, घरी येऊन बघतो तर दोन्ही पिशव्यांवर वरचा नंबर सेम! खालचा कोडही सेम, फक्त शेवटी एकीवर ‘ए०’ आणि दुसरीवर ‘बी०’. बिलात मात्र रक्त दोनदा लावलंय. एकच पिशवी दोनदा दाखवली का हो?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : नाही हो, पिशव्या दोनच होत्या, रक्त मात्र एकाच डोनरचं. फोटो काढलेत ते बरं केलंत, त्यातच सगळं उत्तर आहे.

हे लेबल आयएसबीटी १२८ पद्धतीचं, म्हणजे रक्ताच्या पिशव्यांवर लेबल लावायच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीचं. वर डावीकडे असतो तो डोनेशन नंबर, त्यात पहिली ५ अक्षरं सेंटरची (अमेरिकेत ‘डब्ल्यू’ने सुरू होतात), मग वर्षाचे २ आकडे, मग ६ आकडी अनुक्रमांक, आणि हा नंबर १०० वर्षांत पुन्हा कुणाला द्यायचा नाही असा नियम. पण गंमत बघा, एका माणसाने एकदा रक्त दिलं की त्यातून लाल पेशी वेगळ्या, प्लाझ्मा वेगळा, प्लेटलेट्स वेगळ्या, आणि तिन्ही पिशव्यांवर नंबर तोच! म्हणजे नंबर सांगतो रक्त कुठल्या डोनेशनचं, पिशवीत काय आहे ते नाही.

ते सांगतो खाली डावीकडचा ८ अक्षरी प्रॉडक्ट कोड. पहिली ५ म्हणजे ‘ई’ आणि ४ आकडे, त्यात घटक कुठला, कुठलं अँटिकोअ‍ॅग्युलंट (रक्त गोठू न देणारं द्रव्य), कुठल्या तापमानात ठेवायचा, पांढऱ्या पेशी काढल्यात का, इरॅडिएट केलंय का (म्हणजे किरणांचा मारा केलाय का), सगळं आलं. असे कोड हजारोंनी आहेत, पाठ कुणालाच नसतात, मीही आयुष्यभर ब्लड बँकेत काढून स्कॅनरवरच भिस्त ठेवली. पिशवी नंतर इरॅडिएट केली तरी कोड बदलतो, नवीन लेबल लागतं, लाल पेशी असतील तर एक्सपायरीही बहुतेकदा अलीकडे येते. सहावं अक्षर डोनेशनच्या प्रकाराचं, ‘व्ही’ म्हणजे स्वेच्छेने दिलेलं.

शेवटची दोन तुमची. ‘००’ म्हणजे अखंड पिशवी. तिचे भाग केले की ए०, बी०, आणि ए०चे परत भाग केले तर एए, एबी, पण दुसरं अक्षर स्मॉल. आईंच्या केसमध्ये बहुतेक असं झालं असणार, पिशवी ४ तासांत संपवावीच लागते आणि वीक हार्टला तेवढ्या वेळात अख्खी पिशवी झेपत नाही, फुप्फुसात पाणी व्हायची भीती, म्हणून अर्धी चढवायची आणि अर्धी ब्लड बँकेच्या फ्रिजमध्ये ठेवायची. काळजीने केलेलं काम आहे हे, लबाडी नाही.

बिलाचं मात्र विचाराच. आयटमाइज्ड बिल मागवा. तिथे बिलिंगचे कोड वेगळेच असतात, वाटून दिलेल्या युनिटसाठी पी९०११ आणि पांढऱ्या पेशी काढलेल्या लाल पेशींच्या पूर्ण युनिटसाठी पी९०१६. पी९०१६ दोनदा दिसला तर ए० आणि बी०चे फोटो त्यांच्यासमोर ठेवा, मग बोलणं लवकर संपेल.

प्रश्न : मी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करतेय. पिशवीच्या लेबलवर ओ पॉझिटिव्हचा कोड ५१०० आणि ओ निगेटिव्हचा ९५०० हे वाचलं. मग बॉम्बे ग्रुप या दुर्मिळ रक्तगटाला काय, ओच लिहायचं?
— सातारा

उत्तर : अजिबात नाही गं! त्याला स्वतंत्र कोड आहे, आणि असायलाच हवा. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो आपल्या मुंबईतच शोधला. साध्या टेस्टमध्ये अँटी-ए टाका नाहीतर अँटी-बी, गुठळ्या होत नाहीत, म्हणून तो ओसारखाच दिसतो, आणि आपल्याकडे ओच्या पिशवीचं लेबल निळं असतं तेच लागायची घाई होते. पण या पेशंटच्या सीरममध्ये अँटी-एच असतं, म्हणजे ओच्या पेशींवरच्या एच अँटिजेनविरुद्धची अँटिबॉडी, ओचं रक्त दिलं तर रिअ‍ॅक्शन येते. रिव्हर्स ग्रुपिंगला (पेशंटचं सीरम माहितीच्या पेशींशी तपासतात ते) ओ सेल्स टाकायला विसरू नकोस, तिथे गुठळ्या दिसल्या की थांब आणि सरांना बोलाव.