आठ दिवस गावाला जाताय? मासे उपाशी मरणार नाहीत

मे महिन्यात आठ दिवस कोल्हापूरला जाताय आणि घरच्या टाकीतल्या माशांची धाकधूक आहे, मलाही पहिल्या वर्षी होती. धडधाकट, पूर्ण वाढलेला मासा आठवडाभर सहज उपाशी राहतो. धोका उलटा आहे. जास्त घातलेलं खाणं कुजतं, पाण्यात विषारी अमोनिया वाढतो आणि बघायला घरात कोणी नसतं.

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहायचो तेव्हा मी शेजारच्या बेनकडे खाण्याचा अख्खा डबाच देऊन गेलो. तिनं मायेनं रोज तीनदा चमचा चमचा घातलं, ‘भूखी हती ने!’ परतलो तर पाणी ताकासारखं. चूक माझीच. आता कागदाच्या पुड्या बांधतो, दोन दिवसांआड एक, आणि डबा कपाटात कुलूपबंद.

निघण्याआधी एवढंच:

- तीन-चार दिवस आधी पाव हिस्सा पाणी बदला, क्लोरीन काढलेलं. शेवटच्या रात्री अख्खी टाकी घासायला बसू नका. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतलात तर उपयोगी जिवाणूही जातात.
- पंधरा दिवस आधीपासून नवे मासे नकोत.
- दिवा टायमरवर, फिल्टर चालूच.

आणि सवयीनं मेन स्विच बंद करून निघू नका! बडोद्याच्या उन्हाळ्यात पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. टाकी खिडकीच्या उन्हात नको. लाइट जाऊन आली की फिल्टर पुन्हा सुरू झाला का, एवढं शेजाऱ्यांना बघायला सांगा.

आपोआप खाणं टाकणारा ऑटोमॅटिक फीडर सध्या नको. टाकीत पिल्लं असतील तर मात्र आधी कळवा, त्यांना उपास चालत नाही.