साध्या मोज्याच्या टाचेपाशी भोक

प्रश्न: पाच सुयांवर साधे मोजे विणते. टाचेच्या दोन्ही कोपऱ्यांत भोक पडतं, शिवाय मोजा ढिला होतो. काय चुकतं?

उत्तर: भोक पडतं ते टाचेची पट्टी आणि पायाचा वरचा भाग जिथे जुळतात तिथला धागा ताणला जातो म्हणून. ६४ टाक्यांच्या मोज्यात टाचेला ३२ टाके, ३२ ओळी. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता सरकवायचा. मग पट्टीच्या प्रत्येक कडेला साखळीसारखे १६ मोठे टाके दिसतात. तेवढे उचला आणि कोपऱ्यात एक जादा. पुढच्या फेरीत उचललेले टाके मागच्या बाजूने सुई घालून, पीळ देऊन विणा. नंतर एकाआड एक फेरीत दोन्ही बाजूंना टाके कमी करत पुन्हा ६४ वर यायचं. जादाचा टाका त्यातच जिरतो.

ढिलेपणाचं कारण माप. पायाचा घेर २२ सेंमी असेल तर मोजा २० सेंमीचाच हवा. मापासाठी विणायचा छोटा नमुना गोल विणूनच त्याचं माप घ्या. सपाट विणलेला फसवतो, कारण उलट ओळी बहुतेकींच्या सैल पडतात.

टाच उरकली की बोटांपर्यंत नुसतं सुलट. गप्पा मारत विणावं, खाली बघायचीही गरज नाही!